केबलची किंमत आणि केबलचे काम

घरातल्या करमणुकीच्या यंत्रणेत टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार किंवा अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि इंटरनेटचा राउटर अशी चार-पाच उपकरणे असतात. त्यांना जोडणाऱ्या केबल चित्र, आवाज आणि वीज इकडून तिकडे नेतात. उपकरणे घेताना लोक चार दुकाने हिंडतात, पण केबलचा विचार शेवटी आणि घाईत होतो. तेव्हा दोन मते हमखास समोर येतात. पहिले मत असे, की महागडी यंत्रणा स्वस्त केबलने जोडली तर सारा खर्च वाया जातो, म्हणून केबलवर सढळ हाताने पैसे घालावेत. दुसरे मत असे, की केबलने तिला नेमून दिलेले काम केले की पुरे, त्यापलीकडे मोजलेल्या पैशांतून काहीच हाती लागत नाही. पुढील संवादात पहिली बाजू संगीताची जाण असलेला एक वयस्कर रसिक मांडतो आणि दुसरी बाजू अशा यंत्रणा घरोघरी बसवणारी एक तरुण तंत्रज्ञ. एकेक केबल घेऊन दोन्ही मते कुठवर टिकतात, हे त्यातून तपासता येते.

अ‍ॅनालॉग आणि डिजिटल

रसिक : केबल बदलली की चित्र बदलतं, हे एका अख्ख्या पिढीनं पाहिलंय. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं गच्चीवरच्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत चपटी, दोन तारांची वायर यायची. ती खिडकीच्या गजाला टेकली किंवा पावसात भिजली, की पडद्यावर मुंग्या यायच्या. वायर नवी घातली की चित्र सुधारायचं. मग आजच्या टीव्हीला तोच नियम का लागू नसावा?

तंत्रज्ञ : तो अनुभव खराच आहे, काका. तो सिग्नल अ‍ॅनालॉग होता. त्यात व्होल्टेजचा प्रत्येक लहानमोठा चढउतार म्हणजे चित्राचा उजेड किंवा अंधार. वाटेत सिग्नल क्षीण झाला की चित्र फिकं पडायचं, आणि बाहेरचा विद्युत गोंगाट मिसळला की तो परत वेगळा काढता यायचा नाही. त्या चपट्या वायरला जाळीचं आवरणही नव्हतं. डिजिटल सिग्नलमध्ये फक्त शून्य आणि एक यांची ओळ असते. समोरच्या उपकरणाला एवढंच ठरवायचं असतं, की हा शून्य की एक. व्होल्टेज थोडं घसरलं तरी उत्तर तेच येतं आणि चित्र मुळाबरहुकूम उभं राहतं.

रसिक : म्हणजे डिजिटल केबल सगळ्या सारख्याच?

तंत्रज्ञ : मर्यादेच्या आत सगळ्या सारख्या. पण ती मर्यादा प्रत्येक केबलची वेगळी असते. मर्यादा ओलांडली की समोरचं उपकरण चुकायला लागतं. मग पडद्यावर चमचमते ठिपके येतात, चित्र क्षणभर काळं होऊन परत येतं, नाहीतर ‘सिग्नल नाही’ असा संदेश येतो. चित्र येतंय, पण रंग जरा फिके आहेत किंवा कडा जरा मऊ आहेत, असं मात्र एचडीएमआय केबलमुळे होत नाही. तो दोष टीव्हीच्या सेटिंगचा, नाहीतर मूळ प्रक्षेपणाचा.

एचडीएमआय : चित्राची मुख्य केबल

चित्र आणि आवाज एकाच केबलमधून डिजिटल रूपात नेणारी एचडीएमआय ही पद्धत हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून आणली. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. तिच्या जोडणीत १९ पिना असतात. बाहेरचा आकार तोच राहिला, पण आतला वेग वाढत गेला : पहिल्या आवृत्तीत सेकंदाला ४.९५ गिगाबिट, २००६ च्या १.३ आवृत्तीत १०.२, २०१३ च्या २.० आवृत्तीत १८ आणि २०१७ च्या २.१ आवृत्तीत ४८ गिगाबिट. वेग वाढला तशी केबलची परीक्षाही कठीण झाली. म्हणूनच वीस वर्षांपूर्वीची केबल नव्या टीव्हीला नीट बसते, पण प्रत्येक वेळी नीट चालतेच असे नाही.

रसिक : इथे तर माझंच म्हणणं खरं ठरतं. नव्या टीव्हीला चांगली केबल लागतेच.

तंत्रज्ञ : चांगली लागते, पण महाग म्हणजे चांगली असं नाही. हिशेब मांडून बघू. फोर-के चित्रात ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर नुसत्या चित्राचेच सेकंदाला जवळजवळ १२ गिगाबिट होतात. चित्रांमधल्या मोकळ्या जागा आणि सिग्नल पाठवण्याची पद्धत धरून ही मागणी १८ गिगाबिटच्या जवळ जाते. त्यामुळे घरात साधा फुल एचडी टीव्ही असेल तर ‘हाय स्पीड’ वर्गाची साधी केबल पुरते. फोर-के असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्यावी. नव्या गेम कन्सोलवर सेकंदाला १२० चित्रं हवी असतील तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’. खोक्यावर याच वर्गाचं नाव शोधायचं. २.० किंवा २.१ हे आवृत्तीचे आकडे उपकरणांचे असतात.

रसिक : खोक्यावर कोणीही काहीही छापतं.

तंत्रज्ञ : म्हणूनच ‘प्रीमियम’ आणि ‘अल्ट्रा’ या दोन्ही वर्गांच्या खोक्यावर प्रमाणित असल्याचं लेबल असतं. ते मोबाइलवरच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून पडताळता येतं. पैसे द्यायचेच तर या पडताळणीचे द्या. दोन प्रमाणित केबलपैकी एक दसपट महाग असली, तरी पडद्यावर पोचणारं चित्र एकच असतं.

रसिक : आणि पिनांवरचा सोन्याचा मुलामा?

तंत्रज्ञ : विजेसाठी सर्वांत चांगली वाट चांदीची, त्याखालोखाल तांब्याची, सोनं तिसरं. सोन्याचा गुण असा, की ते गंजत नाही आणि काळवंडत नाही. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी पिनांवर थर जमतो, आणि तिथे मुलाम्याचा खरोखर उपयोग होतो. त्यामुळे जोडणी जास्त वर्षं टिकते, चित्र अधिक उजळ होत नाही.

लांबी ही एचडीएमआयची खरी कसोटी आहे. टीव्हीखालच्या कपाटापर्यंतच्या दीड-दोन मीटर अंतरात क्वचितच अडचण येते. तांब्याच्या केबलमध्ये १८ गिगाबिटचा सिग्नल चार-पाच मीटरपर्यंत बिनधोक जातो. ४८ गिगाबिटच्या सिग्नलसाठी तीन मीटरच्या आसपासच थांबणे बरे. प्रोजेक्टर छताला टांगला आणि अंतर दहा-पंधरा मीटर झाले, की काचेच्या तंतूंची ऑप्टिकल एचडीएमआय केबल वापरावी लागते. तिच्या टोकांतले सर्किट विजेचे रूपांतर प्रकाशात करते आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा विजेत. ती एकाच दिशेने चालते. एक टोक सेट टॉप बॉक्सकडे आणि दुसरे पडद्याकडे, असे तिच्यावर लिहिलेले असते. भिंतीत टाकताना ती उलटी पडली तर पडदा काळाच राहतो. म्हणून भिंत बुजवण्याआधी केबल जोडून पाहावी. कन्सील्ड वायरिंग करताना केबल सिमेंटमध्ये गाडण्याऐवजी ऐसपैस पीव्हीसी पाइपातून न्यावी आणि पाइपात एक मोकळी तारही सोडून ठेवावी. पुढे केबलचा वर्ग बदलला तर भिंत न फोडता नवी केबल ओढून घेता येते.

रसिक : आणि जुनी लाल-पांढरी-पिवळी पिन? तीही चालतेच की.

तंत्रज्ञ : चालते, पण पिवळ्या पिनेतून चित्राचा उजेड आणि रंग एकत्रच जातात, तेही जुन्या साध्या टीव्हीच्या ५७६ ओळींपुरते. एचडीचे पैसे भरूनही बॉक्स पिवळ्या पिनेने जोडलेला असेल, तर दिसणारं चित्र एचडी नसतं. तिथे साध्यातली साधी एचडीएमआय केबल लावली तरी डोळ्यांना फरक कळतो.

टीव्हीतून साउंडबारकडे

टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेण्याच्या दोन वाटा रूढ आहेत. ऑप्टिकल केबल तोशिबाने १९८३ मध्ये आणली. तिच्यातून लाल प्रकाशाच्या रूपात आवाज जातो. दुसरी वाट एचडीएमआयची. २००९ च्या १.४ आवृत्तीपासून तिच्यात एआरसी नावाची सोय आली, आणि ज्या केबलमधून चित्र टीव्हीत येते तिच्यातूनच आवाज परत साउंडबारकडे जाऊ लागला. २.१ आवृत्तीबरोबर तिचे वाढीव रूप ईएआरसी आले.

रसिक : ऑप्टिकलमध्ये तर प्रकाश आहे. विजेचा गोंगाट नाही, तांब्याची झीज नाही. मग तीच श्रेष्ठ म्हणायला हवी.

तंत्रज्ञ : गोंगाटाबाबत तुमचं बरोबर आहे. दोन उपकरणांत विजेची जोडणीच नसल्यानं ऑप्टिकलमधून घरघर येत नाही. पण तिची क्षमता जुन्या काळची आहे. तिच्यातून दोन चॅनलचा मूळ आवाज किंवा दाबून लहान केलेला पाच अधिक एक चॅनलचा आवाज जातो. डॉल्बी अ‍ॅटमॉससारखा डोक्यावरूनही येणारा आवाज तिच्यात मावत नाही. एआरसीमधून अ‍ॅटमॉस दाबलेल्या रूपात जाऊ शकतो. ईएआरसीची क्षमता सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत असल्यानं तिथे तो न दाबताही जातो. इथे फरक धातूच्या दर्जाचा नाही, पद्धतीचा आहे.

रसिक : मग ईएआरसीची केबल घेतली की झालं.

तंत्रज्ञ : टीव्ही आणि साउंडबार या दोघांतही ती सोय असली पाहिजे. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय सॉकेट असतात, पण ही सोय बहुधा एकाच सॉकेटला असते आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं. केबल शेजारच्या सॉकेटमध्ये घातली तर साउंडबार मुकाच राहतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सोय चालूही करावी लागते.

अ‍ॅनालॉग आवाज आणि घरघर

नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या, कॅसेट डेक आणि जुने अ‍ॅम्प्लिफायर अनेक मराठी घरांत अजून वापरात आहेत. ही उपकरणे लाल-पांढऱ्या पिनांच्या अ‍ॅनालॉग केबलने जोडली जातात. रसिकाच्या मताला सर्वांत भक्कम आधार इथे मिळतो.

रसिक : तबकडीवरचं गाणं ऐकताना साधी केबल काढून चांगली लावली, की मागची सळसळ आणि घरघर कमी होते. हा नुसता मनाचा खेळ आहे असं म्हणशील का?

तंत्रज्ञ : मुळीच नाही. सीडी प्लेयरमधून साधारण २ व्होल्टचा सिग्नल निघतो. तबकडीच्या सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या कित्येक शेपट लहान. त्यात बाहेरून आलेला थोडासा गोंगाटही अ‍ॅम्प्लिफायर तेवढ्याच पटीनं वाढवतो. म्हणून इथे दाट जाळीच्या आवरणाची, घट्ट बसणाऱ्या पिनांची आणि शक्य तितकी आखूड केबल हवी. तबकडीयंत्राची वेगळी अर्थिंगची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडलेली हवी. शिवाय ही केबल विजेच्या वायरला समांतर नेऊ नये. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

रसिक : एवढं करूनही घरघर राहिली तर?

तंत्रज्ञ : मग दोष बहुधा केबलचा नसून अर्थिंगच्या फेऱ्याचा असतो. दोन उपकरणं दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली असली, की त्यांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून नको असलेला प्रवाह वाहतो आणि ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावून पाहावीत. मग टीव्हीमागची केबलवाल्याची वायर काढून पाहावी. तिच्यामुळे घरघर थांबत असेल, तर त्या वायरवर आयसोलेटर बसवावा. थ्री पिनमधली अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. घरघर थांबेल, पण शॉक लागण्यापासूनचं संरक्षणही जाईल.

स्पीकरची वायर

अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतच्या वायरीतून सिग्नलबरोबर ताकदही जाते. इथे वायरीची जाडी, लांबी आणि धातू या तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

रसिक : म्हणूनच जाणकार जाड आणि शुद्ध तांब्याची वायर घ्यायला सांगतात.

तंत्रज्ञ : जाडी आणि तांबं दोन्ही हवं, फक्त किती हवं ते मोजता येतं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध साधारण ०.०१७ ओहम असतो. स्पीकर दहा मीटरवर असेल तर प्रवाहाला जाऊन-येऊन वीस मीटर तार पार करावी लागते, म्हणजे सुमारे ०.३४ ओहम. वायरीचा रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा संकेत आहे. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम, म्हणजे ती वायर चालते. ४ ओहमच्या स्पीकरला मर्यादा ०.२, तिथे ती अपुरी पडते. वायरमन ज्याला अडीच एमएम म्हणतात ती घेतली तर रोध ०.१४ ओहमवर येतो आणि प्रश्न मिटतो. त्याहून जाड वायरीत फायदा कानाला जाणवण्याइतका उरत नाही.

रसिक : आणि तांब्याची शुद्धता?

तंत्रज्ञ : खरा धोका वेगळाच आहे. तांब्याचा पातळ मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर सर्रास विकली जाते. ती वजनाला हलकी असते, आणि टोक ब्लेडनं खरवडलं की आतून पांढरी दिसते. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि चार वेळा वाकवली की तार तुटते. ती टाळली की शुद्धतेचा मोठा भाग साधला.

जोडताना दोन्ही स्पीकरचे अधिक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अधिकालाच गेले आहे, हे पाहणे फार आवश्यक आहे. एका स्पीकरचे टोक उलटे जोडले गेले, तर एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो. तबल्याचा डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज यांसारखे खालचे सूर एकमेकांना खोडून काढतात आणि गाणे पोकळ वाटते. ही चूक स्वस्तातल्या वायरीतही होते आणि महागातल्याही. म्हणून वायरीच्या एका तारेवर रेघ किंवा वेगळा रंग दिलेला असतो.

रसिक : तरीही कानाला जो फरक जाणवतो तो सगळाच आकड्यांत सापडतो, हे मला मान्य नाही. ऐकणारा वर्षानुवर्षं कान तयार करतो.

तंत्रज्ञ : मग कानालाच न्याय करू द्या, काका. दुसऱ्या माणसानं पडद्याआड केबल बदलावी किंवा न बदलता नुसतं बदलल्यासारखं करावं. आवाजाची पातळी दोन्ही वेळा तीच ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी जास्त चांगला वाटतो. ऐकणाऱ्यानं दर वेळी कोणती केबल ते लिहून ठेवावं. पंधरा-वीस वेळा केल्यावर बहुतेक उत्तरं बरोबर आली, तर फरक आहे. निम्मी चुकली, तर केबलची निवड किमतीवर आणि मजबुतीवर करावी.

रसिक : ही कसोटी रास्त आहे. मात्र ज्याला फरक ओळखता आला, त्याला तो पैसा खर्च करू द्यावा.

छत्री, पाऊस आणि इंटरनेट

डिश अँटेनाच्या छत्रीपासून सेट टॉप बॉक्सपर्यंत ७५ ओहमची गोल कोअ‍ॅक्सियल केबल येते. आरजी-६ या नावाची केबल या कामासाठी योग्य मानली जाते. छत्रीच्या टोकावरचा एलएनबी उपग्रहाकडून आलेल्या फार उच्च वारंवारितेच्या लहरी ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झवर उतरवून खाली पाठवतो. त्याच केबलमधून बॉक्स वर १३ किंवा १८ व्होल्टची वीज पाठवतो आणि त्या दोन व्होल्टेजांनीच कोणत्या दिशेच्या लहरी घ्यायच्या हे एलएनबीला सांगतो.

रसिक : पावसात चित्र तुटतं, तेव्हा तरी दोष केबलचाच ना?

तंत्रज्ञ : मुसळधार पाऊस चालू असेपर्यंतच चित्र तुटत असेल, तर दोष आकाशातला. त्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. केबल बदलून ते थांबत नाही. पण पाऊस उघडल्यावरही चित्र तुटत राहिलं, तर केबलच्या टोकात पाणी शिरलेलं असतं. म्हणून बाहेरची जोडणी रबरी टोपीनं किंवा चिकटपट्टीनं बंद करावी, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा. पाणी त्या वळशावरून ठिबकून जातं, भोकातून आत येत नाही. दोन टीव्हींसाठी केबलवाल्याचा साधा स्प्लिटर लावू नये. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी लागतो. विजा कडाडायला लागण्याआधीच छत्रीची केबल आणि विजेचा प्लग दोन्ही काढून ठेवावेत.

इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रासाठी वायफाय पुरत नसेल, तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाकावी. फोर-के चित्रपटाला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट लागतात. कॅट-५ई वर्गाची साधी केबल १०० मीटरपर्यंत १,००० मेगाबिट नेते. त्यामुळे इथे महाग केबल घेण्याचे काहीच कारण उरत नाही.

पैसे कुठे घालावेत

रसिक : म्हणजे तबकडीयंत्राची केबल, स्पीकरची जाडी, लांबचं एचडीएमआय आणि गच्चीवरची कोअ‍ॅक्सियल, या चार ठिकाणी हात आखडता घेऊ नये, हे माझं म्हणणं राहतं.

तंत्रज्ञ : राहतंच. आखूड एचडीएमआय, ऑप्टिकल आणि लॅन या तिघींना जास्त पैसे मोजून काही मिळत नाही, हे माझं म्हणणंही राहतं.

दोन्ही मतांचा मेळ अशा रीतीने बसतो. सिग्नल अ‍ॅनालॉग, क्षीण किंवा लांबचा असेल, अथवा केबल उघड्यावर असेल, तर केबलचा दर्जा थेट अनुभवाला येतो. सिग्नल डिजिटल आणि अंतर कमी असेल, तर योग्य वर्गाची प्रमाणित केबल ही शेवटची पायरी असते. खरेदीपूर्वी चार गोष्टी ठरवाव्यात : दोन्ही उपकरणांवर कोणते सॉकेट आहे, त्यातून नेमके काय जायचे आहे, वळणांसह अंतर किती आहे, आणि केबल भिंतीत, उघड्यावर की कपाटात राहणार आहे. साखळीतले सर्वांत जुने उपकरण साऱ्या यंत्रणेची मर्यादा ठरवते. टीव्ही फोर-के असला आणि मधला अ‍ॅम्प्लिफायर जुना असला, तर कोणत्याही किमतीची केबल ती मर्यादा उठवू शकत नाही. अशा वेळी बॉक्स थेट टीव्हीला जोडावा, आवाज एआरसीने किंवा ऑप्टिकलने अ‍ॅम्प्लिफायरकडे परत न्यावा आणि केबलचे वाचलेले पैसे नव्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ठेवावेत.